आधीची ओळ, नंतरची ओळ : सहावी-सातवीच्या प्रकल्प नोंदी, २०२४-२५

शाळा जिल्हा परिषदेची, तालुका पाटण, जिल्हा सातारा. वर्ग सहावी आणि सातवी, दोन्ही मिळून पट तिशीच्या आत. विषय विज्ञान, गणित, इतिहास, भूगोल. नोंदी मी ठेवते. गणिताचे सर त्यांच्या तासापुरती भर घालतात.

१८ जून २०२४

पुस्तकं वाटून झाली. मधल्या सुट्टीत सरांबरोबर बसून वर्षाचा आराखडा केला.

कृती म्हटलं की आपल्याकडे चार्ट, थर्माकोल आणि गट पाडणं. गटातली एक हुशार मुलगी लिहिते, दोघं रंग भरतात, उरलेले डिंकाची बाटली धरून उभे. वर्ग गजबजलेला दिसतो आणि भेटीला आलेले साहेब खूश होतात. पण कुणाच्या डोक्यात काय चाललंय, ते त्या गजबजाटातून कळत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटनं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटानं, ज्ञानरचनावादी शाळांचं काम उभं केलं, ते बघायला राज्यभरातून शिक्षक आले. जाताना फरशीवर रंगवलेल्या आकृत्यांचे फोटो घेऊन गेले. मुलानं आधी स्वतःचं म्हणणं मांडायचं आणि मग ते तपासायचं, ही त्यातली खरी मेख. ती फोटोत येत नाही.

म्हणून यंदा सगळ्या विषयांना मिळून एकच नियम. कृतीच्या आधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहायचा, कारणासकट, पेनानं. खोडायचं नाही. मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग कृती. शेवटी त्याच पानावर खाली दुसरी ओळ लिहायची : आता काय वाटतं, आणि कशामुळे बदललं. बदललं नसेल तर तेही लिहायचं. ओळ चुकली म्हणून मार्क जाणार नाहीत, कोरी ठेवली तर मात्र मी विचारणार.

सरांची शंका रास्त आहे. गणितात अंदाजाला जागा कुठे? बघू.

२ जुलै

विज्ञान. तरंगणं आणि बुडणं. टेबलावर पाण्यानं भरलेली बादली, बटाटा, काकडी, खिळा, रिकामी काडेपेटी आणि दोन मोसंब्या, एक सालासकट, एक सोललेली.

बटाटा, काकडी वगैरेंवर फार वेळ गेला नाही. मोसंबीवर गाडी अडली. सालासकट बुडेल, सोललेली तरंगेल, असं जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं. कारणही एकच, ‘साल काढली की वजन कमी होतं.’ मी आधी सालासकटची सोडली. ती तरंगली. मग सोललेली सोडली, ती सरळ तळाला गेली. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, ‘मॅडम, तुम्ही ढकलली!’ त्यालाच पुढे बोलावून त्याच्या हातानं सोडायला लावली.

पुढची पाच मिनिटं मी काही बोलले नाही. हलकी झालेली वस्तू बुडते म्हटल्यावर ‘जड ते बुडतं’ हे वाक्य उभंच राहत नाही, आणि ते ऐकल्यामुळे नव्हे तर त्यांच्या वहीत पेनानं लिहिलेलं असल्यामुळे त्यांना टोचत होतं. एकानं सालीचा तुकडा वेगळा सोडून बघितला. तो तरंगला. एकीनं तो पाण्याखाली धरून बोटांनी चिरडला, बारीक बुडबुडे वर आले. तिची नंतरची ओळ अशी : ‘साल म्हणजे हवा भरलेलं जॅकेट आहे. जॅकेट काढलं तर वजन थोडंच कमी होतं पण जागा जास्त कमी होते.’ घनता हा शब्द मी अजून फळ्यावर लिहिलेलाही नाही.

तीन-चार वह्यांत नंतरची ओळ ‘आता कळलं’ एवढीच आहे. काय कळलं ते विचारून परत लिहून घ्यायचं.

५ जुलै

काल एक मुलगा म्हणाला, ‘आमचे बाबा भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकतात, तेच ना हे?’ तेच. तीन टक्क्यांचं द्रावण, म्हणजे दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाचं बी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. रोपं टाकून झालीत, पण घरी उरलेलं बी त्यानं ओंजळभर आणलं होतं. एक लिटर पाण्यात तीस ग्रॅम मीठ टाकून करून बघितलं.

लगेच प्रश्न आला, मग यात बटाटा तरंगेल? आधीची ओळ लिहा म्हटलं. या द्रावणात बटाटा तरंगला नाही. मीठ वाढवत गेलो, शंभर ग्रॅमच्या पुढे गेल्यावर बटाटा हलायला लागला आणि हळूहळू वर आला. ‘भाताला एवढं मीठ का घालत नाहीत?’ याचं उत्तर वर्गातूनच आलं : मग चांगलं बीसुद्धा वर येईल. या एका वाक्यासाठी मीठ वाया गेलं तरी चालेल. पोषण आहाराच्या मावशींचं मत वेगळं आहे.

१३ ऑगस्ट

आज सर मागे घड्याळ घेऊन बसले. मी प्रश्न विचारल्यापासून पुढचा शब्द माझ्याच तोंडून यायला किती वेळ लागतो, ते मोजायला. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदसुद्धा धड थांबत नव्हते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली.

तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गासमोर उभं राहून गप्प बसायचं तर जीव कासावीस होतो. हात वर करणं आजपासून बंद. हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या डब्यात, प्रश्न आधी, थांबणं मग, चिठ्ठी शेवटी. चिठ्ठी आधी काढली की बाकीचे सगळे सुटले म्हणून सैलावतात, हे सरांनी बरोबर हेरलं.

ज्या दोघी-तिघी दर वेळी हात वर करायच्या त्या नाराज आहेत. साहजिक आहे.

२८ ऑगस्ट

सरांचा तास, परिमिती आणि क्षेत्रफळ. प्रश्न फळ्यावर : एका गुंठ्याच्या चौरस प्लॉटला, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, कुंपणाला १३२ फूट तार लागली. तीच तार वापरून लांबट आयत घेरला तर आतली जमीन तेवढीच राहील का? एक बोट : तेवढीच राहील. दोन बोटं : बदलेल. तीन : सांगता येत नाही. डोळे मिटून, बोटं छातीशी.

डोळे मिटायचं कारण उघड आहे, वर्गातल्या हुशार मुलाचं बोट बघून बाकीची बोटं ठरतात. निम्म्याहून जास्त मुलांचं एक बोट. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९१पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात ही पद्धत रुजवली. एकट्यानं मत द्यायचं, शेजाऱ्याला पटवायचं, पुन्हा मत द्यायचं. बरोबर उत्तरं साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या मध्ये असतील तेव्हाच चर्चेला सोडायचं, असा त्यांचा ठोकताळा. त्याहून कमी असतील तर सगळे मिळून एकमेकांना चुकीचंच पटवतात. आमचा वर्ग बरोबर त्या पट्ट्यात बसला.

वेगळी बोटं असलेल्यांच्या जोड्या लावल्या. ‘तार तेवढीच ना? मग?’ हा एका बाजूचा पूर्ण युक्तिवाद. दुसऱ्या बाजूच्या मुलीनं कंपासपेटीतला रबरबँड काढला, दोन पेन्सिलींना लावून ताणला, पार चपटा केला. ‘आता आत काय राहिलं?’ रबर ताणलं की लांबी वाढते, असा आक्षेप लगेच आला आणि तो योग्यच होता. मग सुतळी आली.

दुसरं मत घेतलं तेव्हा दोन बोटं बरीच वाढली होती, तरी सगळी नव्हती. मैदानावर सुतळीनं आखलं. ४४ बाय २२ म्हणजे ९६८ चौरस फूट. ५० बाय १६ म्हणजे ८००. ६० बाय ६ म्हणजे फक्त ३६०. ‘हा प्लॉट कुठला, ही तर पाणंद!’

आराखड्यात नव्हता तो भाग पुढे झाला. कुणीतरी प्रश्न उलटा केला : जमीन गुंठाभरच ठेवली आणि आकार बदलला तर? ९९ बाय ११ काढलं, तेही १०८९च. तार मात्र २२० फूट. मग एक मुलगा म्हणाला, ‘म्हणून वाटण्या झाल्या की बांध वाढतो.’ त्याच्या घरी तिघा भावांत वाटणी होऊन लांब पट्ट्या पडल्यात. बांधात किती जमीन जाते याचा हिशोब त्यानं घरी करून आणायचा ठरवलंय, बांध दोन फूट रुंद धरून.

गणितात अंदाजाला जागा कुठे, हा प्रश्न सरांनी परत काढलेला नाही.

२० सप्टेंबर

गणपती उरकले, पावसानं उघडीप दिली, सकाळी वर्ग देवळापाशी नेला. सातवीच्या इतिहासाचा पहिलाच पाठ इतिहासाच्या साधनांचा आहे : भौतिक, लिखित, मौखिक. तो जूनमध्ये वाचून झालाय. देवळाच्या भिंतीला टेकवलेले वीरगळ, म्हणजे लढाईत गेलेल्यांच्या आठवणीसाठी कोरलेले दगड, मुलं जन्मापासून बघतात. त्यातल्या एकाला शेंदूर लागतो, बाकीचे तसेच. गुरवकाकांना आदल्या दिवशी विचारून ठेवलं होतं. दगडाला खडू, पीठ काही लावायचं नाही. लांबून तांब्याभर पाणी ओतायचं आणि कोवळ्या तिरप्या उन्हात बघायचं. ओला दगड कोरड्यापेक्षा कितीतरी जास्त बोलतो.

वहीत तीन रकाने : दिसतं, वाटतं, विचारायचंय. ‘दिसतं’मध्ये बोट ठेवून दाखवता येईल तेवढंच लिहायचं.

सुरुवातीला सगळ्यांनी ‘दिसतं’मध्ये लिहिलं, ‘राजा’. बोट ठेव म्हटलं, कुठे आहे राजा? मुकुट नाही, सिंहासन नाही. मग राजा खोडला नाही, बाण काढून ‘वाटतं’मध्ये नेला. असे बाण पानभर झाले. खालच्या चौकटीत दोन माणसं, हातात काहीतरी लांब. एक आडवा. त्यामागे चार पायांचं जनावर, शिंगं असल्यासारखं. ‘तो मेला’ हे दिसतं की वाटतं? यावर दोन गटांत चांगलीच जुंपली. आडवा दिसतो, झोपलेलाही असेल. लढाईत कोण झोपतं? मग ‘मेला’ हे वाटतं, पण पक्कं वाटतं. एका मुलीनं रकान्याच्या मध्येच रेघ मारून ‘पक्कं वाटतं’ असा चौथा रकाना पाडला. मी तो सगळ्यांना पाडायला सांगितला.

मधल्या चौकटीत दोन बायका आणि मध्ये एक पुरुष. त्याच्या वर तोच पुरुष पिंडीपुढे बसलेला, आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य. वरून खाली वाचणाऱ्यांची गोष्ट काही केल्या जुळेना : माणूस आधी पूजा करतो, मग बायका त्याला धरून खाली आणतात, मग तो मरतो. बराच वेळ त्यातच गेला. ‘खालून वर बघा’ हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते सहावीतल्या एका पोरानं सांगितलं, आणि सांगितलं तेही ‘आपण उलटं वाचतोय का?’ असं विचारून. खालून वर वाचल्यावर सगळं जागेवर बसलं. लढाई, मरण, अप्सरा त्याला वर नेतात, तो शिवलोकात पोचतो, आणि चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याचं नाव राहील. शेवटचा चंद्र-सूर्याचा अर्थ मी पुरवला, बाकी त्यांचं. जनावर म्हणजे बहुधा गुरं. गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना गेलेल्यांचे वीरगळ महाराष्ट्रात बरेच आहेत.

तेवढ्यात ओट्यावर बसलेल्या आजींनी हाक मारली. त्यांच्या मते हे वेताळाचे राखणदार आहेत, रात्री गावाभोवती फिरतात, त्यांच्या सासूनंच सांगितलंय. आता मौखिक साधन एक सांगतं, भौतिक साधन दुसरं. आजी खोटं बोलतात का? कुणीच हो म्हणालं नाही, आजी समोर होत्या हे एक कारण. पण परत येताना एकजण म्हणाला, ‘गावासाठी लढला होता म्हणून नंतर त्याला राखणदार केला असेल.’ रकाना : वाटतं.

‘विचारायचंय’मध्ये : नाव का कोरलं नाही? बायकांचे दगड असतात का? दुसऱ्याचं उत्तर सोपं, सतीशिळा, कोपरापासून वाकवलेल्या हाताची. अशी एक शेजारच्या गावात आहे, दिवाळीनंतर बघायची. पहिल्याचं उत्तर मला नीट देता येणार नाही, तो प्रश्न भिंतीवर लावून ठेवलाय.

२५ नोव्हेंबर

परीक्षा, दिवाळी, मग विधानसभेचं मतदान. आम्ही दोघंही निवडणुकीच्या कामात. दोन महिने नोंद नाही. चिठ्ठ्यांचा डबा मात्र मुलांनीच पहिल्या दिवशी कपाटातून काढून टेबलावर ठेवला.

११ डिसेंबर

तारीख ठरवून घेतली. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पाटण तालुक्यात ही तारीख शिकवावी लागत नाही, घराघरात माहीत आहे. आठवड्यापूर्वी घरी विचारून यायला सांगितलं होतं. मांडणीवरची भांडी खाली आली, गोठ्यातली जनावरं आधी ओरडायला लागली, कित्येक रात्री अंगणात काढल्या, अशा नोंदी आल्या. कोणतं आजोबांनी स्वतः बघितलेलं आणि कोणतं ऐकलेलं, हे मुलांनी न सांगता वेगळं लिहिलं होतं. वीरगळाचा उपयोग इथे झाला.

कृतीची पद्धत तुकडे जोडण्याची. एलियट ॲरन्सन यांनी १९७१मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिनला ती सुरू केली, गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गात एकमेकांशी कुणी बोलत नव्हतं तेव्हा. प्रत्येकाकडे माहितीचा एकच तुकडा असतो, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकल्यावाचून कुणाचंच काम होत नाही. मी कोयना धरणावर चार पानं तयार केली. वीज : चारही टप्पे मिळून १९६० मेगावॅट. पाणी : धरणाच्या शिवसागर जलाशयाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी, कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी वीज करून कोकणात वाशिष्ठीकडे उतरतं. विस्थापन : खोऱ्यातली गावं उठून रायगड, ठाणे, सोलापूरकडे गेली. भूकंप : पाणी साठायला लागल्यानंतर धक्के वाढले, मग १९६७चा मोठा धक्का, रिश्टर मापावर सहाच्या वर. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होतो का, या अभ्यासात कोयनेचं नाव जगभर घेतलं जातं, आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलंय ते त्यासाठीच.

एकेका पानाचे तज्ज्ञ आधी आपापसात बसले, मग चौघा-चौघांचे मिश्र गट झाले. गटापुढे प्रश्न : समजा धरण बांधायच्या आधीची बैठक आहे. बांधायचं का, आणि बांधायचं तर कोणत्या अटींवर?

वीजवाले जोरात होते. विस्थापनवाल्या मुलीचे चुलत आजोबा रायगडला गेलेले, तिनं कागद बाजूला ठेवून सांगायला सुरुवात केली आणि गट गप्प झाला. खरी अडचण आली भूकंपवाल्यांकडून. एक मुलगा माझ्याकडे पान घेऊन आला. ‘मॅडम, बैठक आधीची आहे ना? मग मला हे माहीतच नसणार. मी गटात बोलू कसा?’

मी हे ठरवून केलेलं नव्हतं. दख्खनचा हा भाग तेव्हा भूकंपाच्या दृष्टीनं स्थिर मानला जायचा, त्यामुळे त्याची अडचण खरीच होती. सगळं थांबवून त्याचा प्रश्न वर्गाला दिला : तेव्हा माहीत नसलेल्या गोष्टीवरून त्यांचा निर्णय आज चूक म्हणायचा का? घंटा झाली तरी कुणी उठलं नाही, खिचडीचा वास येत असूनसुद्धा.

१३ डिसेंबर

अटी लिहून आल्या. एका गटानं प्रत्येक मुद्द्यापुढे ‘तेव्हा माहीत’, ‘तेव्हा अंदाज करता आला असता’ आणि ‘नंतर कळलं’ असे शिक्के मारलेत. विस्थापन त्यांनी पहिल्या रकान्यात टाकलं, भूकंप तिसऱ्यात. शेवटची ओळ : ‘भूकंपाबद्दल त्यांना दोष देता येत नाही. लोकांच्या जमिनीबद्दल येतो, कारण ते माहीत होतं.’

हे सहावी-सातवीच्या मुलांचं वाक्य आहे. त्यात दुरुस्ती करायला मला एक ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सापडला नाही.

२१ जानेवारी २०२५

चार कोपऱ्यांचा खेळ करून बघितला. पूर्ण सहमत, थोडं सहमत, थोडं असहमत, पूर्ण असहमत. आपलं मत असेल त्या कोपऱ्यात उभं राहायचं, पटलं तर कोपरा बदलायचा. विषय ‘मोबाइल : शाप की वरदान’. सपशेल कंटाळवाणा तास. मुलांकडे या विषयावर निबंधाची तयार वाक्यं आहेत आणि ती त्यांनी म्हणून दाखवली. कोपरा कुणी बदलला नाही.

दुपारी विषय बदलला : शाळेच्या नळाला कायम तोटी असावी की पाणी ठरावीक वेळी सोडावं? कोपरे सतत हलत होते. वादाचा विषय घेताना त्याचं उत्तर मार्गदर्शकात छापलेलं नाही ना, हे आधी बघायचं. पर्यावरण रक्षण, वाचनाचं महत्त्व, स्त्री-पुरुष समानता हे विषय थोर आहेत, पण त्यांवर मुलं विचार करत नाहीत, पाठ केलेलं म्हणतात.

१४ फेब्रुवारी

केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद. दहा मिनिटं मिळाली, पंचवीस घेतली. मोसंबी नेली होती. शिक्षकांनाही आधीची ओळ लिहायला लावली. त्यांचे अंदाज इथे नोंदवत नाही.

एकच प्रश्न सगळ्यांचा : अभ्यासक्रम कधी पूर्ण होतो? खरं उत्तर दिलं. अशी मोठी कृती महिन्याला एक, फार तर दोन. बाकीचे तास नेहमीसारखेच फळा, पुस्तक, स्वाध्याय. पण आधीची ओळ रोज, आणि तिला दोन मिनिटं पुरतात. एका बाईंनी विचारलं, लिहिता-वाचता कमी येणाऱ्या मुलांचं काय? आमच्याकडे ती चित्र काढतात किंवा शेजाऱ्याला सांगून लिहून घेतात. त्यांचे अंदाज बाकीच्यांपेक्षा कच्चे असतात असं मला दिसलं नाही. सुतळीच्या दिवशी रबरबँड काढणारी मुलगी त्यांच्यातलीच.

२० मार्च

विषुवदिन, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस. गुरुवार, आकाश निरभ्र. जळगावजवळच्या एका शाळेतल्या मैत्रिणीशी महिनाभर फोनवर ठरवत होतो. दोन्हीकडे एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करायची, सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली मोजायची. ओळंबा एका मुलाच्या गवंडीकाम करणाऱ्या वडिलांचा. काठी तिरकी उभी करून फसवणूक करता येते, हे मुलांनी आधीच ताडलं होतं.

आधीची ओळ : सावली सर्वांत आखूड किती वाजता, आणि केवढी? बहुतेक सगळ्यांची : बारा वाजता, शून्य. ‘बारा वाजता सूर्य डोक्यावर’ हे लहानपणापासून ऐकलेलं.

बारा वाजले, साडेबारा झाले, सावली आखूड होतच राहिली. बारा चाळीसच्या सुमारास थांबली आणि मग परत वाढायला लागली. आमचं मोजमाप ३१.५ सेंटीमीटर. जळगावहून फोन आला : ३८.५, आणि त्यांची वेळ आमच्याआधी काही मिनिटं. खुणा जोडल्या तर पूर्व-पश्चिम सरळ रेघ निघाली. वक्ररेषा येईल असं सगळ्यांनी धरलं होतं, मीही. विषुवदिनाला ती सरळ येते, इतर दिवशी वळते, हे सरांनी सांगितलं.

वेळेचं कोडं अ‍ॅटलासवरून सुटलं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर लागलेलं, आपण चौऱ्याहत्तरच्या किंचित अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सुमारे चौतीस मिनिटांचा फरक. वरची सात-आठ मिनिटं उरतात. ती पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे. ‘कशी?’ हा प्रश्न भिंतीवर गेला, वीरगळाच्या नावाशेजारी.

२४ मार्च

हिशोब. काठी आणि सावली कागदावर प्रमाणात काढून कोनमापकानं कोन मोजला. आमचा साडेसतरा अंश, जळगावचा एकवीस. नकाशाच्या प्रमाणावरून दोन्ही ठिकाणांमधलं दक्षिणोत्तर अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास. साडेतीन अंशांना ४००, तर ३६० अंशांना किती? ४१ हजारांच्या थोडं वर. पृथ्वीचा परीघ साधारण ४० हजार किलोमीटर. हेच इरॅटोस्थेनिसनं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये केलं होतं, त्याचा कोन ७.२ अंशांचा. ही गोष्ट मी हिशोब झाल्यावर सांगितली, आधी सांगितली असती तर मुलांनी त्याचं उत्तर शोधलं असतं.

टाळ्या वाजल्या, पण मला त्याहून पुढचं हवं होतं. सरांनी विचारलं, कोन मोजताना अर्धा अंश इकडे-तिकडे झाला असता तर? आधीची ओळ : ‘थोडासा फरक पडेल.’ फरक साडेतीनऐवजी तीन अंश धरला तर उत्तर ४८ हजार, चार धरला तर ३६ हजार. वर्ग हबकला. ‘म्हणजे आपलं बरोबर आलं ते नशीब?’ काही अंशी हो. नशिबावरचं अवलंबन कमी कसं करायचं? काठी लांब घ्या. गाव आणखी लांबचं घ्या, कन्याकुमारी. खूप जणांनी मोजून सरासरी काढा. तिन्ही सूचना त्यांच्याच.

मग मागून एकजण अ‍ॅटलास घेऊन आला. ‘मॅडम, साडेसतरा इथे आधीच लिहिलंय!’ पाटणचं अक्षांश. जळगावचं बघितलं तर एकवीस. विषुवदिनाला दुपारच्या सावलीचा कोन म्हणजेच त्या जागेचं अक्षांश, हे मी सांगायचं राखून ठेवलं होतं. आता सांगायचं उरलं नाही, ‘असं का’ ते मात्र पुढच्या तासाला आकृती काढून बघायचं.

२९ एप्रिल

वार्षिक परीक्षा संपली, १ मेला निकाल. वह्या परत देण्याआधी आधीच्या आणि नंतरच्या ओळी चाळल्या. जूनमध्ये कारणाच्या जागी ‘कारण तसंच असतं’ भरपूर. मार्चपर्यंत ‘जर असं असेल तर तसं दिसायला हवं’ अशा ओळी वाढल्यात, सगळ्यांच्या नाहीत. चार-पाच मुलं अजून शेजाऱ्याचा अंदाज उतरवतात. पुढच्या वर्षी त्यांना भिंतीकडच्या बाकांवर एकेकटं बसवून बघू.

‘शून्य सावली मग कधी?’ हा प्रश्न विषुवदिनापासून चालू आहे. आपल्याकडे ९ मेच्या आसपास. तेव्हा सुट्टी असते आणि निम्मा वर्ग मुंबईला नाहीतर मामाच्या गावाला. म्हणून प्रत्येकाला कुठे जाणार ते विचारून तारखा लिहून दिल्या : कोल्हापूर ६ मे, पुणे १३ मे, मुंबई १५ मे. काठी नको, पाण्याची सरळ बाटली चालेल. सावली कधी नाहीशी होते ती वेळ लिहून आणायची, ढग आले तर तेही. आणि वहीत आधीची ओळ निघण्यापूर्वी.